आठवी ब, जर्मन आणि मधली मराठी : प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

शाळा उघडली. आठवी ब, पटावर ४१. जर्मनला आठवड्यात तीन तासिका, प्रत्येक ३५ मिनिटांची. त्यातली पाच मिनिटं ओले रेनकोट खिडकीला टांगण्यात जाणार, हे धरूनच चालायचं.

यंदाचा प्रयोग आजच लिहून ठेवते, म्हणजे पुढे पळवाट राहणार नाही. जर्मन शिकवताना मधली भाषा म्हणून इंग्रजीऐवजी मराठी वापरून बघायची. पहिल्या सत्राच्या परीक्षेपर्यंत.

हे डोक्यात आलं ते मार्चमध्ये. 'डेअर, डी, डास', म्हणजे जर्मन नामाआधी लागणारे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी शब्द, हे तीन प्रकार मी इंग्रजीतून समजावत होते आणि वर्ग मख्ख. टेबलाला पुल्लिंग कशाला हवं, दाराला स्त्रीलिंग कुणी दिलं, असे प्रश्न. तास संपला, आणि त्यातलाच एक मुलगा दारात मित्रावर ओरडला, "अरे ते टेबल सरकव ना, ती बॅग अडकलीय, तो पट्टा बघ!" एका दमात तिन्ही लिंगं वापरून गेला. मी डस्टर हातात धरून तशीच उभी राहिले. जे यांना जन्मापासून येतं ते मी त्यांना इंग्रजीतून, म्हणजे ज्या भाषेत ते नाहीच तिच्यातून, शिकवत होते.

घरच्या भाषांची हात वर करून मोजणी: मराठी १९, हिंदी ९, गुजराती ७, उरलेले ६ तमिळ, कोंकणी, उर्दू असे विखुरलेले. मराठी विषय मात्र सगळ्यांना आहे. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत ती सक्तीची झाली, त्यामुळे 'मला मराठी येत नाही' असं म्हणायची सोय कुणालाच नाही.

१८ जून, बुधवार

सामान: जुन्या लग्नपत्रिका. माझ्या सासूबाई एकही पत्रिका टाकत नाहीत, त्यामुळे कपाटात दहा-बारा वर्षांचा साठा. जाड कागद, मागची बाजू कोरी, कापली की चार कार्डं. डेअरला निळी कड, डीला लाल, डासला हिरवी. हे रंग माझे नाहीत, जर्मन शिकवणारे बरेचजण हेच वापरतात. पत्रिका मात्र माझ्या.

'डास' म्हटल्यावर वर्गात टाळ्या वाजवून डास मारणं सुरू झालं. पावसाळ्यात या शब्दाला इलाज नाही. मग तेच वापरलं: नपुंसकलिंगी शब्द आला की सगळ्यांनी एकदा टाळी. डास मारला. शब्द पाठ होतो की नाही ते नंतर बघू, पण ४१ पोरं जागी तरी राहतात.

२० जून, शुक्रवार

उच्चारांचा तास. आजवरचा सगळ्यात सोपा गेला आणि मला स्वतःचाच राग आला, चौदा वर्षं हे सुचलं कसं नाही?

जर्मन झेड अक्षराचा उच्चार 'त्स'. इंग्रजी वाचणारं मूल तिथे हमखास 'झ' म्हणतं, आणि तो मोडायला दोन महिने जातात. आज फळ्यावर दोन रकाने केले. एकीकडे 'चहा, चिमणी', दुसरीकडे 'चांगला, चटणी'. म्हणा मोठ्याने. जीभ कुठे लागते? मुलं म्हणून बघतात, एकमेकांच्या तोंडात डोकावतात. चटणीतला च म्हणजेच जर्मन झेड. 'चिंच' म्हणा, एकाच शब्दात दोन्ही मिळतात.

मग आगगाडीचा जर्मन शब्द फळ्यावर लिहिला आणि काही न सांगता वाचायला लावला. झेड, यू, जी. शेवटचा ग जर्मनमध्ये क होतो, एवढंच सांगितलं. पहिल्या बाकावरची मुलगी थबकत म्हणाली, "चूक?"
"बरोबर."
"नाही मॅडम, म्हणजे चूक की बरोबर?"
"बरोबर. आगगाडी म्हणजे चूक."

पुढची पाच मिनिटं गेली. मध्य रेल्वेवरून येणारी पोरं तर फारच खूश होती. 'संख्या' या अर्थाचा शब्द निघाला 'चाल', अगदी आपण चालीवर गातो ती चाल. दिवसाला जे म्हणतात ते 'ताक'. म्हणजे 'नमस्कार, शुभ दिवस' करताना आपण 'गूटन ताक' म्हणतो. अंड्याला 'आय', त्यावर कोल्हापूरच्या आजोळचा एकजण बराच वेळ हसत होता.

हे उचलण्यासारखं आहे. अट एकच, घरी मराठी न बोलणाऱ्यांना चटणीतला च आधी कानाने ऐकवावा लागतो. हिंदी बोलणारी चारजणं 'चिटणी' आणि 'चटणी' यात अडकली. त्यांच्या बाजूला मराठी मुलं बसवली, चार दिवसांत येईल.

२५ जून, बुधवार

लिंगांची वंशावळ. गटागटाने कार्डं वाटली, प्रत्येक वस्तूचं मराठी लिंग आधी सांगायचं, मग कार्ड उलटून जर्मन रंग बघायचा. जुळलं तर एका डब्यात, नाही जुळलं तर दुसऱ्यात.

जुळणाऱ्यांचा डबा अपेक्षेपेक्षा जड निघाला. घर, पुस्तक, पाणी, मीठ, अंडं, पान, सोनं, वर्ष: आपल्याकडे 'ते', त्यांच्याकडे डास. पाऊस, वारा, दगड, दिवस, महिना, चमचा: दोन्हीकडे 'तो'. रात्र, शाळा, जीभ, पृथ्वी: 'ती'. अर्थात हा योगायोग, नियम नव्हे, आणि तसं मी बजावून सांगितलं. कारण दुसऱ्या डब्यात सूर्य होता. जर्मनमध्ये सूर्य 'ती'. दार आपल्याकडे ते, त्यांच्याकडे ती. झाड आपलं ते, त्यांचं तो. दूध ती.

डबा जड होता हे महत्त्वाचं नाहीच. महत्त्वाचं हे की आज कुणीही 'वस्तूंना लिंग कशाला?' विचारलं नाही. 'जर्मनमध्ये दूध ती का?' असं विचारलं. प्रश्न बदलला.

गुजराती मुलांचा गट मागे राहील असं मला वाटलं होतं. त्यातला एकजण म्हणाला, "मॅडम, अमारामां पण त्रण छे." खरंच की, गुजरातीतही तीन लिंगं आहेत. अडचण हिंदीवाल्यांची, त्यांच्याकडे दोनच. त्यातल्या एका मुलीचा तोडगा: "जे मराठीत चुकतं ते सगळं डास." तिच्या मराठीच्या गुणांकडे बघता हा नियम बऱ्यापैकी चालेल.

२७ जून, शुक्रवार

'मेडशेन' या शब्दाचा तास. अर्थ मुलगी, लिंग नपुंसक. दरवर्षी इथे मुली चिडतात, आणि चिडायलाच हवं. दरवर्षी मी सांगते की 'शेन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे, तो लागला की शब्द नपुंसक होतो. आपलं लेकरू, वासरू, पाखरू 'ते' असतं तसं. तरी कुरकुर चालूच.

आज तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, माझी आजी मला 'ता' म्हणते."
आजी मालवणची. मालवणीत मुलगी म्हणजे 'चेडू', आणि चेडू नपुंसक: ता चेडू. कोंकणी बोलणाऱ्या मुलीने मान डोलावली, त्यांच्याकडेही 'तें चेडूं'. बघता बघता वर्गात दोघी जर्मनच्या बाजूने उभ्या. मी कडेला झाले. एवढ्या वर्षांत माझं कुठलंही स्पष्टीकरण इतकं पटलेलं नाही.

२ जुलै, बुधवार

आकडे. इथे मी जरा शेफारून गेले होते.

जर्मनमध्ये सत्तेचाळीस म्हणजे 'झीबेन-उंट-फिअरत्सिश', सात-आणि-चाळीस. एकक आधी, दशक नंतर. इंग्रजीतून विचार करणारं मूल ऐकतं सात, लिहितं सात, आणि ७४ करून बसतं. मराठीत तर आपण तेच करतो: सत्ते-चाळीस. पूल तयार आहे, नुसतं चालत जायचं.

"सत्तेचाळीस म्हणजे किती?" मी विचारलं.
शांतता. मग एकजण, "फॉर्टी सेव्हन? की थर्टी सेव्हन?"

४१ पैकी चाळीसच्या पुढचे मराठी आकडे न अडखळता येणारी पोरं नऊ. त्यात घरी मराठी बोलणारी सहा. पूल होता, पण मधल्या फळ्याच नव्हत्या. घरी भाजीवाल्याशीही ही मुलं 'फिफ्टी रुपीज' बोलतात, त्यांना दोष कसा द्यायचा?

एक मुलगी मात्र पाचवीत मराठी माध्यमातून इथे आली. ती म्हणाली, "बाई, मला दोन्ही येतं. वीस एक पण, एकवीस पण." मला क्षणभर कळलं नाही. मग आठवलं. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या बरोबरीने 'वीस एक' आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला, तेव्हा ही दुसरीत! मी तेव्हा 'वीस एक'च्या विरोधात तावातावाने बोलले होते. आज तीच मुलगी फळ्यापाशी येऊन दाखवत होती: इंग्रजी म्हणजे 'वीस एक', जर्मन म्हणजे 'एकवीस'. दोन्ही पद्धती माहीत असलेली वर्गात ती एकटी, आणि म्हणून तिलाच हे सगळ्यात आधी कळलं. तावातावाने बोललेलं मागे घेत नाही, पण थोडं खाली ठेवते.

तात्पुरता उपाय: आकडा ऐकला की आधी उजवीकडचा अंक लिहायचा, डावीकडे जागा सोडायची, मग दशक भरायचं. आणि एकोणतीस, एकोणचाळीसच्या वाटेला जायचं नाही. तिथे मराठी एक वजा करते, जर्मन सरळ नऊ-आणि-वीस म्हणते.

४ जुलै, शुक्रवार

घड्याळ. कालच स्टाफरूममध्ये मराठीच्या बाईंशी बोलताना हाती लागलेलं.

जर्मनमध्ये 'हाल्प ड्राय', शब्दशः अर्धा तीन, म्हणजे अडीच. इंग्रजीतून शिकणारी मुलं याला साडेतीन समजतात आणि वर्षभर समजत राहतात. मी हे रडगाणं गात होते, तर बाई चहा ढवळत म्हणाल्या, "मग अडीच म्हणजे तरी काय? अर्धतृतीय. तिसरा अर्धा."

वर्गात गेले आणि पोळीचं चित्र काढलं. दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरी अर्धी. तिसरी अर्धी म्हणजे अडीच, म्हणजेच हाल्प ड्राय. पावणेतीन म्हणजे तीनला पाव कमी, 'फिअरटेल फोर ड्राय'. सव्वादोन, 'फिअरटेल नाख त्स्वाय'. एका तासात अख्खं घड्याळ. हिंदीवाले 'ढाई'वरून, गुजरातीवाले 'अढी'वरून आले. आज कुणीच मागे नव्हतं.

१२ जुलै, शनिवार

माटुंग्याला एका उडप्याकडे तिघींची बैठक. एक फ्रेंच शिकवतात, एक जपानी. वेगवेगळ्या शाळा, सारखीच दुखणी. दर महिन्याला भेटून प्रत्येकीने चाललेली एक आणि फसलेली एक युक्ती आणायची, असं ठरलं. नुसत्या चाललेल्या आणल्या की ती बैठक राहत नाही, हळदीकुंकू होतं.

जपानीवाल्या ताईंची युक्ती लगेच चोरली. कपडे वाळत घालायचे चिमटे. प्रत्येक चिमट्यावर एक प्रत्यय, शब्दांच्या कार्डाला लावायचा. जपानीत प्रत्यय नामाच्या मागे येतो, मराठीसारखाच: 'तोक्यो-नि इकिमास', टोकियो-ला जाते. क्रियापद शेवटी. त्या म्हणाल्या, मराठी मुलाला जपानी वाक्य मांडून दाखवावं लागत नाही, फक्त शब्द द्यावे लागतात.

फ्रेंचवाल्यांनी ९९चा खेळ आणला. फ्रेंचमध्ये नव्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. त्या वीस-वीस काड्यापेटीच्या काड्यांचे गठ्ठे करतात. गावाकडची म्हातारी माणसं चार विसा, पाच विसा असं मोजायची, त्याच चालीवर. एका मुलाने घरून आजोबांना विचारून विसांचा पाढाच लिहून आणला म्हणे.

पण माझ्या प्रयोगावर त्या गप्प राहिल्या नाहीत. "तुमच्या तासाला जर्मन किती मिनिटं ऐकू येतं?" मी म्हटलं, बरंच. त्या म्हणाल्या, मोजा.

१४ जुलै, सोमवार

मोजलं. मागच्या बाकावरच्या मुलाला घड्याळ घेऊन बसवलं. ३५ मिनिटांत जर्मन ११ मिनिटं. तास रंगला होता, हशा पिकला होता, पण मराठीच्या गमतींवर. जर्मन बिचारी कोपऱ्यात पाहुण्यासारखी बसलेली.

त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि ते मला उडप्याकडेच कळलं होतं, म्हणून तर मी 'बरंच' म्हटलं.

नवा नियम: मराठीला तासाला पाच मिनिटं. फोनवर कुकरच्या शिट्टीचा आवाज लावलाय. शिट्टी झाली की मराठी बंद, हावभाव, चित्रं, अभिनय, काय हवं ते करा. पहिल्याच दिवशी शिट्टी झाल्यावर शेवटच्या बाकावरून "भात झाला" असं आलं. तेही मराठीतच. त्याला जर्मनमध्ये ते म्हणायला लावलं: 'डेअर राइस इस्ट फेर्टिश.' आता शिट्टी झाली की वर्ग एका सुरात हेच म्हणतो. तांदूळ निळा, हे कुणाला शिकवावं लागलं नाही.

१८ जुलै, शुक्रवार

'पुढील स्टेशन'. चार-चारचे गट, प्रत्येकाला मार्गाचा एक तुकडा, लोकलमधल्या उद्घोषणेसारखी जर्मन उद्घोषणा तयार करायची. 'नेष्टर हाल्ट: दादर. आउसश्टीक लिंक्स.' पुढचा थांबा दादर, उतरायचं डावीकडे. फलाट कुठल्या बाजूला येतो ते घरी जाताना बघून यायचं.

गृहपाठ इतका मनापासून केलेला मी क्वचितच पाहिलाय. आणि भांडणंही. एका स्टेशनवर एकजण म्हणे डावीकडे, दुसरी उजवीकडे. आधी वाटलं स्लो आणि फास्टचा घोळ, पण दोघं एकाच गाडीत होते. शेवटी उलगडलं: ती उलट्या तोंडाच्या सीटवर बसलेली. म्हणजे 'गाडीच्या दिशेने डावीकडे' असं सांगायला हवं. त्यासाठी जर्मन उद्घोषणेत शब्द आहेच, 'फार्टरिश्टुंग', प्रवासाची दिशा. गरज आधी, शब्द नंतर. असं नेहमी जमत नाही.

(त्या शब्दाच्या पहिल्या अर्ध्या भागावर आठवीतली मुलं किती वेळ हसू शकतात ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.)

२५ जुलै, शुक्रवार

वाक्यरचना, लोकलच्याच बाकावर. खिडकीपासून बाजूबाजूला चार जागा, प्रत्येक मूल एक शब्द. नियम एकच: दुसरी सीट क्रियापदाची, रिझर्व्ह. खिडकीत कुणीही बसो, कर्ता बसो की 'आज' बसो, क्रियापद दुसऱ्याच सीटवर. खिडकी 'आज'ला दिली तर कर्ता मुकाट तिसऱ्या सीटवर.

मग 'वाइल' आला, म्हणजे 'कारण'. तो चढला की क्रियापदाचं रिझर्व्हेशन रद्द, त्याने उठून चौथ्या सीटवर जायचं. चौथी सीट म्हणजे काय ते मुंबईच्या मुलाला सांगायला नको: अर्धं बूड बाकावर, अर्धं हवेत. क्रियापद झालेला मुलगा असा काही टेकला की वर्ग फुटला. पण वाक्य बघा: 'कारण मला ताप होता', 'वाइल इश फीबर हाटे'. आपल्याकडे 'होता' शेवटी, त्यांच्याकडे 'हाटे' शेवटी. इंग्रजीत ते मधे येऊन बसतं.

तुटणारी क्रियापदं याच बाकावर: 'आउफश्टेएन', उठणे. कार्ड मधून फाडायचं, एक तुकडा दुसऱ्या सीटवर, दुसरा चौथीवर. 'इश श्टेए उम झेक्स उअर आउफ.' फाडताना पत्रिकेवरचा गणपती मधोमध फाटत होता, तर एकीने मला थांबवलं. ते कार्ड बदललं.

६ ऑगस्ट, बुधवार

पालकसभेत एका वडिलांनी वही पुढे केली: "मॅडम, परदेशी भाषेच्या वहीत मराठी कशाला?" प्रश्न रास्त आहे. मुलाला बोलावलं, घड्याळात अडीच दाखवून विचारलं. त्याने उत्तर दिलं. वडील जर्मन जाणत नव्हते, पण मुलगा न अडखळता बोलला एवढं त्यांना दिसलं. वही परत घेऊन गेले. पटलं का, सांगता येत नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

विभक्ती. ज्यासाठी मी वाट बघत होते तो तास.

'मिअर इस्ट काल्ट', मला थंडी वाजते. 'मिअर' म्हणजे मला. इंग्रजी 'मी थंड आहे' म्हणते आणि त्याचं सरळ जर्मन केलं तर भलताच अर्थ होतो. 'डी शूए गेफालेन मिअर', मला बूट आवडतात. बुटांवर क्रियापद चालतं, 'मला' बाजूला उभं. इंग्रजीमार्गे हे वाक्य कळायला आठवडा जातो, आज सात मिनिटं. मराठी चतुर्थी आणि जर्मन डाटिफ, हातात हात. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'ला' म्हणजे डाटिफ.

असं मोठ्या अक्षरात काही लिहायचं नसतं.

१३ ऑगस्ट, बुधवार

वह्या तपासल्या. ४१ पैकी ३३ वह्यांत तीच चूक. मी त्या माणसाला बघतो, मी भावाला शोधते, मी आईला ओळखतो: सगळीकडे 'ला', म्हणून सगळीकडे डाटिफ. जर्मनला तिथे आकुझाटिफ हवं, द्वितीया. मराठीत सजीव कर्मालाही 'ला' लागतो, द्वितीया आणि चतुर्थी एकाच प्रत्ययात राहतात, हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही, नववीत पाठ केलंय. मागच्या वर्षापर्यंत इंग्रजीमार्गे शिकणाऱ्यांनी ही विशिष्ट चूक कधी केली नव्हती. ही माझ्या पुलावरूनच आली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आठवडा पावसात गेला. सोमवारी दुपारच्या शाळेला सुट्टी, मंगळवारी सगळ्यांनाच. कपाटाच्या खालच्या कप्प्यात पाणी शिरलं, हिरव्या कार्डांचा गठ्ठा गेला. घर, पुस्तक, पाणी, सगळे डास बुडाले. 'पाणी' बुडाल्याचं मुलांना विशेष कौतुक.

घरी बसून 'ला'चा इलाज शोधला. आज वर्गात मांडला: माणसाच्या जागी वस्तू ठेवून बघा. 'मी माणसाला बघतो', 'मी पुस्तक बघतो'. 'ला' पळाला, म्हणजे तो नुसता सजीवाचा मान होता. आकुझाटिफ. 'मी मित्राला मदत करतो', 'मी शाळेला मदत करतो'. 'ला' हटला नाही, म्हणजे खरा चतुर्थीचा. डाटिफ. 'हेल्फेन'ला डाटिफच लागतो, जुळलं.

मुलांनी ही कसोटी मोडायला दहा मिनिटंही घेतली नाहीत. 'मी आईला फोन करतो', 'मी ऑफिसला फोन करतो', 'ला' तिथेच. पण 'आनरूफेन' आकुझाटिफ घेतं. 'मॅडमना विचारतो', इथे 'ला'चा 'ना' झाला आणि मॅडमच्या जागी वस्तूच बसेना, 'फ्रागेन'ही आकुझाटिफवालं. म्हणून भिंतीवर कागद लावलाय: 'कसोटीला न जुमानणारे'. आज दोन नावं. ज्याला तिसरं सापडेल त्याने तारीख घालून लिहायचं.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती, वर्गाचं लक्ष शून्य. हाउझी खेळलो. मी जर्मनमध्ये आकडे पुकारायचे, मुलांनी तिकिटावर खोडायचे. जुलैतला आकड्यांचा घोळ अजून पुरता गेलेला नाही, सहाजणांनी ७४ आणि ४७ उलटे खोडले. पण पहिली ओळ कुणाची झाली, तर 'वीस एक'वाल्या मुलीची. बक्षीस चिक्की.

१० सप्टेंबर, बुधवार

सुट्टीनंतर एक मुलगा सोसायटीतली बातमी घेऊन आला: गणपतीत हाउझी झाली तेव्हा काकू 'सत्तेचाळीस' म्हणाल्या आणि त्याला ते आधी जर्मनमध्ये कळलं, मग मराठीत. म्हणजे पूल उलट्या बाजूनेही चालतो. मराठीच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग माझा पगार तुम्हीच घ्या."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

भारतातून जर्मनमध्ये गेलेले शब्द. डेअर बंगलो, तो बंगला. डेअर पिजामा, तो पायजमा. डेअर झारी, म्हणजे साडी. उच्चार झारीसारखा आणि वर पुल्लिंग, मुलींना अजिबात मान्य नाही. डास चटनी. जंगल तिकडे तो, आणि आंबा, डी मांगो, चक्क ती. देवगडला आजोळ असलेल्या मुलाने निषेध नोंदवला. 'वडापाव' जर्मन शब्दकोशात नाही, तर त्याचा रंग ठरवायला मतदान: निळा ३६, हिरवा ५.

यातच कुणीतरी विचारलं, काळा घोड्याजवळच्या जर्मन संस्थेला मॅक्स म्यूलर भवन का म्हणतात. तर म्यूलर ऋग्वेदाचा संपादक, १८४९ ते १८७४, पंचवीस वर्षं त्यावर. भारतात मात्र तो कधीच आला नाही. "मग त्याचे उच्चार कोण सुधारायचं?" असा प्रश्न आला. मला आवडला तो.

१७ सप्टेंबर, बुधवार

तोंडी परीक्षेचा सराव. 'फिट इन डॉइच' या शाळकरी मुलांच्या जर्मन परीक्षेच्या तोंडी भागात चित्रकार्ड उचलून समोरच्याकडे काहीतरी मागायचं असतं. मी आमची कार्डं केली: छत्री, रेल्वेचा पास, डबा, किल्ली. 'गिप मिअर बिटे डेन श्लुसेल', मला किल्ली दे. मला डाटिफ, किल्ली आकुझाटिफ, एका वाक्यात दोन्ही.

मधेच एकजण उठला, माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "मिअर इस्ट श्लेश्ट."

मला मळमळतंय. 'इश बिन' नाही, 'मिअर'. कुणी न विचारता, कार्ड न बघता. मी सगळ्या वर्गाला थांबवलं, बघा, किती सुंदर डाटिफ, परत म्हण बरं. तो परत म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या चपला, हजेरीपट आणि निळ्या कार्डांचा अर्धा गठ्ठा गेला.

मावशी बादली घेऊन आल्या. मुलाला आईबरोबर घरी पाठवलं. आता बरा आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

शिट्टीचा हिशोब: गेल्या सहा तासांत जर्मन सरासरी २२ मिनिटं. फ्रेंचवाल्या बाईंना कळवलं, त्यांनी अंगठा पाठवला.

'कसोटीला न जुमानणारे' कागदावर आता सात नावं, त्यातली दोन चुकीची, पण ती खोडायला वर्ग तयार नाही, वाद चालू आहे.

कार्डं: हिरवी पावसात, निळी परवा. लाल तेवढी शाबूत. सासूबाईंचा साठा संपला. मराठीच्या बाई म्हणाल्या, आता तुळशीच्या लग्नाशिवाय नव्या पत्रिका नाहीत. तोवर जुन्या वह्यांची पुठ्ठी. दोन्ही रंगांचे मार्कर आणायचे आहेत, हिरवे दोन, निळे तीन.